मेव्हणा असून गाडी विकणारा फौजी

बायकोसाठी जुनी स्कूटर घ्यायची आणि ती मीच शोधायची, हे मी एका रविवारी सकाळी चहा पिता पिता ठरवलं. (चहा संपेपर्यंत थांबलो असतो तर बरं झालं असतं.) आमची प्रियदर्शनी रहिमतपूरपासून तीन किलोमीटरवरच्या वाडीत अंगणवाडी चालवते. रोज चालत जाते, चालत येते. पाच वर्षं भिशी भरून तिनं चाळीस हजार जमवले आणि माझ्या खात्यावर टाकले, कारण मी पतसंस्थेत क्लार्क. मला व्यवहार कळतो असा तिचा समज आहे आणि लग्नापासून मी तो जिवापाड जपला आहे.

मोबाइलवर जाहिरात सापडली. स्कूटर जवळजवळ नवी, किंमत अडतीस हजार, मालक फौजी, बदली झाल्यामुळे विकणे आहे. सोबत वर्दीतला फोटो आणि ओळखपत्र. आता आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत. वर्दीवर संशय घेणं म्हणजे सख्ख्या चुलत्यावर संशय घेणं. मी नुसता फोटो बघूनच ताठ बसलो. फोन लावला तेव्हा त्याचं मराठी अडखळत होतं, पण इतक्या राज्यांत नोकरी झाल्यावर भाषा गंजणारच, हे कारण मीच त्याला पुरवलं.

"सर, गाडी मिलिटरीच्या ट्रकातून येणार. गेट पासचे पाचशे आधी पाठवा."

पाठवले. दहा मिनिटांत त्याचाच फोन.

"सर, ते पाचशे रिफंड होतात. मी कोड पाठवलाय. स्कॅन करा आणि पिन टाका. स्क्रीनवर अडतीस हजार दिसतील, पण ते नुसते दिसतात."

मला हे पटलं. (पतसंस्थेत माझी बावीस वर्षं नोकरी झाली आहे, हे कृपया कुणाला सांगू नका.)

आमच्या सासूबाई, मनुबाई, पुढच्या सोप्यात पावटा सोलत बसल्या होत्या. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्या आमच्याकडे आल्या होत्या आणि काळा चष्मा लावून होत्या. सासरे चोवीस वर्षं फौजेत होते. या बाईची एक शिस्त आहे. जावई म्हणजे पाव्हणा, त्याला तू चुकलास असं तोंडावर म्हणायचं नाही. एकदा मी त्यांच्या विहिरीत त्यांचीच मोटर पाडली, तेव्हाही त्या "जुनीच हुती" एवढंच म्हणाल्या होत्या. त्यामुळे मी स्पीकर चालू ठेवून पिनचे दोन आकडे दाबले, तरी त्या मला काही बोलल्या नाहीत. पदर सारखा करून लेकीला म्हणाल्या,

"प्रिया, जावईबापूंस्नी म्हणावं, फोन जरा हिकडं द्या. फौजेतला पोरगा हाय, खुशाली इचारते."

मी फोन दिला. फोटोही दाखवायला गेलो.

"फोटू ऱ्हाऊ द्या, मला दिसत न्हाई," म्हणाल्या आणि फोनकडे वळल्या. "बाळा, बरा हाईस का? गाव कुठलं रं?"

"सातारा, माताजी."

"लगीन झालंय?"

"हो, माताजी."

"बायकू कुठं असती?"

"गावाला."

"मेव्हणा हाय का तुला?"

"आहेत. दोन."

सासूबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली.

"दोन मेव्हणं हाईत, तरी गाडी इकायला उरली कशी?"

"माताजी, फोन सरांना द्या."

"आमच्या मालकांची नऊ येळा बदली झाली," त्या शांतपणे सांगू लागल्या. "पेटी, पाळणा, सायकल, समदं गावाला आलं. सायकल तर माझ्या भावानं मोडंस्तोवर दामटली. साताऱ्याचा फौजी बदलीला गाडी इकत न्हाई, बाळा. त्याला मेव्हणं इकू देत न्हाईत."

फोन कट झाला.

"रेंज गेली असेल," मी म्हणालो.

"व्हय," सासूबाई म्हणाल्या. "रेंजची बी बदली झाली आसंल."

मी परत फोन लावला. बंद. आणखी एकदा लावला. तोवर सासूबाई माझ्याकडे पाठ करून लेकीला समजावत होत्या. "उसनी साखर परत द्यायला आलेल्या बाईला आपण कपाटाची किल्ली देतो व्हय गं? पैसं त्यो देणार, मग आकडा आपुन कशाला घालायचा? आनि वस्तू डोळ्यानं बघितल्याबिगर रुपाया हलवायचा न्हाई. सोमवारी कोरेगावला जाऊन गाडी बघू. तवर माझा डोळा बी उघडतोय."

हे सगळं मला ऐकू जावं एवढ्या आवाजात, पण लेकीला. मला त्या बाईचं फार कौतुक वाटलं. चौथी शिकलेली बाई, एक डोळा बंद, आणि तिनं पोरीची आणखी पाच वर्षांची पायपीट वाचवली. तीही जावयाचा मान केसभरही कमी न करता. मी खाली वाकून नमस्कार केला. त्यांनी तो नुकत्याच झालेल्या संक्रांतीचा समजून घेतला.

प्रियदर्शनीनं मात्र लगेच १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर फिरवला आणि फोन माझ्या हातात दिला.

"एकूण किती गेले?" पलीकडच्या साहेबांनी विचारलं.

"पाचशे एक्कावन्न."

"आवं, गेट पास पाचशेचा म्हणालासा न्हवं?" प्रियदर्शनी म्हणाली. "वरचं एक्कावन्न कशाचं?"

ही गोष्ट मी तुमच्यापासूनही लपवली होती. "सीमेवर असतो बिचारा," मी पुटपुटलो. "त्याच्या पोरांच्या खाऊला म्हणून."

साहेबांनी विचारलं, "ते त्यानं मागितले होते?"

"नाही. मीच दिले."

"मग पाचशेची तक्रार लिहून घेतो. एक्कावन्न फसवणुकीत कसे धरायचे?"

प्रियदर्शनी काहीतरी बोलणार होती, पण सासूबाईंनी तिचा हात दाबला.

"आसू दे गं. जावईबापूंचं मन लय मोठं हाय," त्या म्हणाल्या. डोक्याबद्दल मात्र त्या काहीही बोलल्या नाहीत.