वारज्यातली खराडी

"वायफाय म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ! बावीस वर्षं नेटवर्कमध्ये काढलीत मी," आमोद गद्रेने बायकोला सांगितलं आणि पुढच्या महिन्याभराच्या दुर्दशेचा नारळ फोडला.

उल्काला शाळेत पोचायची घाई होती. ती चप्पल घालता घालता एवढंच म्हणाली, "अहो, फॉर्म भरा ना सरळ!"

साल दोन हजार चौदा. घरून काम करणं ही तेव्हा कंपनीची मेहेरबानी असे, आणि आमोदवर ती कशीबशी झाली होती. त्याच्या वडिलांचं, दीनानाथांचं, खुब्याचं हाड मोडलं होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार कौशल्याबाई सांभाळायला येत. मंगळवारी आणि गुरुवारी कोणीच नव्हतं. म्हणून ते दोन दिवस वारज्यातून काम करायचं, महिनाभर चाचणी. जमलं तर पुढे सहा महिने मुभा. नाही जमलं तर दीनानाथांची रवानगी शुश्रूषागृहात! तिथली खाट उल्का पाहूनही आली होती आणि घरी येऊन रडली होती.

अडचण एकच. कंपनीचा लॅपटॉप फक्त खराडीच्या ऑफिसचं वायफाय ओळखायचा. घरचं जोडायचं तर सुरक्षा विभागाचा फॉर्म, त्यावर तीन साहेबांच्या सह्या. गद्रे घराण्याने नारायण पेठेतल्या चार पिढ्यांत कोणाकडे काही मागितलं नव्हतं. आमोदने शक्कल लढवली. घरच्या वायफायला त्याने ऑफिसच्या वायफायचंच नाव दिलं, पासवर्डही तोच! लॅपटॉप बिचारा फसला आणि जोडला गेला. आमोदने स्वतःचीच पाठ थोपटली.

पहिला मंगळवार. साडेदहाला हेमा मॅडमबरोबर मीटिंग. मॅडम बसायच्या बंगळुरात, आणि माणसांपेक्षा तक्त्यांवर त्यांचा जास्त विश्वास. दहाला आमोदने व्हीपीएन सुरू केलं. घरातून ऑफिसच्या कॉम्प्युटरपर्यंत जाणारा हा बंदिस्त बोगदा. तो उघडला नाही तर ऑफिसचा एक कागद दिसायचा नाही.

बोगदा उघडला. दोन सेकंदांत बंद! पुन्हा उघडला. पुन्हा बंद!

आमोदने राउटर बंद करून चालू केला. लॅपटॉप घेऊन तो स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी गेला, गॅलरीत गेला, देव्हाऱ्यासमोर उभा राहिला. दीनानाथ पलंगावरून पाहत होते.

"आम्ही अँटेना फिरवायचो. तू स्वतःच फिरतोयस. प्रगती आहे!"

"बाबा, प्लीज!"

त्याने इंटरनेटवाल्या बापूरावाला फोन लावला.

"सायेब, तार लावून बघा."

तार लावली. बोगदा सताड उघडला!

"बघा! नेट आमचं खणखणीत हाय. तुमच्या डबड्यातच कायतरी हाय," म्हणून बापूरावाने फोन ठेवला.

पण बापूरावाने दिलेली तार होती हातभर, आणि राउटर ठोकला होता दाराच्या वर, माळ्याला लागून. साडेदहाला आमोद गद्रे, वय सत्तेचाळीस, सीनियर मॅनेजर, शिडीच्या चौथ्या पायरीवर लॅपटॉप छातीशी धरून मीटिंगला हजर झाला. पाच मिनिटं बरी गेली.

"आमोद! भांडं! लवकर!" आतून आरोळी आली.

"कोण बोलतंय?" हेमा मॅडम.

"स्टेकहोल्डर आहेत, मॅडम," आमोद म्हणाला आणि शिडीवरून उतरला. तार निघाली. मीटिंग गेली. भांडं मात्र वेळेवर पोचलं.

दुपारी तार पुन्हा जोडून त्याने कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला. तिथे नम्रता नावाची मुलगी होती. आवाज गोड, पण सुटका नाही!

"सर, व्हीपीएन वायफायवर जोडत नाही, कारण तुम्ही ऑफिसमध्येच आहात. ऑफिसात बसून ऑफिसात यायला बोगदा कशाला, असं सिस्टीम म्हणते."

"मी वारज्यात आहे!"

"इथे खराडी, तिसरा मजला दिसतंय, सर."

"मग तिसऱ्या मजल्यावर जाऊन बघा, मी आहे का!"

"सर, मी पहिल्या मजल्यावर बसते. वर जायचं तर रिक्वेस्ट टाकावी लागते. घरच्या वायफायला नाव काय दिलंय, सर?"

आमोदच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि पाठोपाठ घाम फुटला. ऑफिसचं खोटं नेटवर्क घरात उभं केलं, हे कबूल केलं तर मंगळवार-गुरुवारच काय, आख्खा आठवडा घरी बसायची सोय झाली असती.

"चाललं, चाललं! नेट आलं!" म्हणून त्याने फोन कापला.

आता नाव बदलून फॉर्म भरायचा तर सही करणारा पहिलाच साहेब विचारणार, मग आज सकाळची मीटिंग कशी जोडलीत? आमोद अप्पा बळवंत चौकात गेला आणि वीस मीटर तार घेऊन आला. सकाळी लॅपटॉप उघडायचा, तो सवयीने आधी त्या खोट्या वायफायला चिकटायचा, मग तार खुपसायची, पलंगाशेजारी बसायचं. त्या महिन्याचे आठही दिवस तो बैलासारखा राबला. बाबांना उठवून बसवलं, वॉकर धरून चार पावलं चालवलं, आणि एकही काम उशिरा दिलं नाही. शुश्रूषागृहातली ती खाट उल्का विसरायलाही लागली होती.

महिना संपला. हेमा मॅडम खास पुण्याला आल्या. तिसऱ्या मजल्यावर सगळ्यांना जमवलं.

"मी हजेरीचा तक्ता पाहिला," मॅडम म्हणाल्या. "घरी एवढं आजारपण, हातात सवलत, आणि आमोद एकही दिवस घरी थांबले नाहीत! रोज सकाळी यांचा लॅपटॉप ऑफिसच्या वायफायवर!"

टाळ्या! सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या शेजारच्या टेबलावरच्या तेजसने. आठ दिवस आमोदच्या रिकाम्या खुर्चीवर आपलं जॅकेट टाकणारा हाच! खरं बोलावं तर नोकरी जाते, न बोलावं तर बाबा जातात.

"आणि यांना सवलतीची गरजच नाही, म्हणून ते दोन दिवस मी दुसऱ्यांना दिलेत."

आमोदने "थँक यू, मॅडम" म्हटलं. आयुष्यात इतकं कडू काही त्याच्या जिभेवर आलं नव्हतं.

घरी आल्यावर त्याने प्रशस्तिपत्रक टीपॉयवर टाकलं. उल्काने वाचलं आणि शुश्रूषागृहाचा नंबर शोधायला डायरी काढली. दीनानाथांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"महिनाभर शंभर टक्के हजेरी. शाबास!" ते म्हणाले. "मग मंगळवारी आणि गुरुवारी इथे माझा हात धरून चालवत होता, तो कोण होता रे?"