मान्यताप्राप्त ओळखीचा इसम

हुबळीच्या कापडपेठेत संशयास्पद अनोळखी इसमांचा उपद्रव सुरू झाला आहे, ही गोष्ट प्रथम विठ्ठलराव तासगावकर यांच्या लक्षात आली. त्याचं कारण असं, की सन छत्तीसच्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, त्यांच्या दुकानातून एक गिऱ्हाईक काहीही न घेता परत गेलं. त्यांच्या आजोबांनी तासगावाहून येऊन हे दुकान घातलं, तेव्हापासून असा प्रसंग आला नव्हता. न आवडलेलं लुगडंसुद्धा गिऱ्हाईक निदान भिडेखातर घेऊन जात असे.

परत गेलेलं गिऱ्हाईक म्हणजे अळणावरजवळच्या एका खेड्यातली हिराबाई. तिच्या लेकीचं, शेवंताचं, लग्न ठरलं होतं आणि मायलेकी चुड्याचं हिरवं लुगडं घ्यायला आगगाडीनं हुबळीला आल्या होत्या. विठ्ठलरावांनी स्वतः उठून त्यांना "बर्री अक्का, कूड्री" असं कानडीत म्हणून बसवलं आणि गाठोडी सोडली. शेवंतानं एका गर्द हिरव्या लुगड्यावर हात ठेवला. विठ्ठलराव "धुऊन धुऊन कापड फाटेल, पण रंग हलायचा नाही" हे नेहमीचं वाक्य म्हणत होते, इतक्यात गादीच्या कडेला बसलेले एक गृहस्थ पुढे सरकले. त्यांनी लुगड्याचं टोक उचललं, त्याला थुंकी लावली, आपल्या पांढऱ्या धोतरावर घासलं आणि धोतरावर उमटलेला हिरवा पट्टा हिराबाईला दाखवला.

"अक्का, हे घेऊ नका," ते म्हणाले. "पाऊस लागला तर पोरगी पोपट दिसेल."

शेवंता फिसकन हसली. हिराबाईनं एकदा धोतराकडे पाहिलं, एकदा विठ्ठलरावांकडे पाहिलं आणि लेकीचा हात धरून ती पायऱ्या उतरली. तिच्या पाठोपाठ ते गृहस्थही नमस्कार करून गेले.

या गृहस्थांचं नाव पुंडलिकराव. मालगाडीचे गार्ड म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले होते आणि हुबळीलगतच्या उणकलला राहत होते. सगळी हयात शेवटच्या डब्यात एकट्यानं काढल्यामुळे त्यांच्याजवळ बोलणं बरंच साठलं होतं. पत्नी जयलक्ष्मीबाई यांनी पहिले काही महिने ते ऐकून घेतलं. मग त्या रोज सकाळी त्यांच्या हातात छत्री देऊन "जरा पेठेत जाऊन या" असं सांगू लागल्या. पुंडलिकराव पेठेत येत, दिसेल त्या दुकानात बसत आणि दिसेल त्या माणसाला खरं काय ते सांगत. यात त्यांना काही मिळत नसे.

विठ्ठलरावांना नेमकी हीच गोष्ट खटकली. संध्याकाळी व्यापाऱ्यांची सभा भरली, तेव्हा ते म्हणाले, "हा इसम काही घेत नाही, काही विकत नाही, दलाली मागत नाही. मग बायाबापड्यांशी बोलतो कशासाठी? ज्याचा स्वार्थ दिसतो त्याच्याशी व्यवहार करता येतो. ज्याचा दिसत नाही, त्याचा किती मोठा असेल?"

सभेला हा मुद्दा पटला. विठ्ठलरावांच्या अध्यक्षतेखाली 'गिऱ्हाईक संरक्षण मंडळ' स्थापन झालं आणि अनोळखी इसमाचं वर्णन पेठेत जाहीर करण्यात आलं: मध्यम वय, स्वच्छ धोतर, गोड बोलणं, गावाची चौकशी करण्याची सवय. हे वर्णन मंडळाच्या बहुतेक सभासदांना लागू पडत होतं. परंतु सभासद एकमेकांच्या ओळखीचे असल्यामुळे तशी शंका कोणाला आली नाही.

थुंकीची हकीकत एका दुकानातून दुसऱ्या दुकानात गेली, तेव्हा तिचं मंतरलेलं पाणी झालं. पुढच्या चौकात त्या पाण्यात गुंगीची पूड आली. धारवाडपर्यंत बातमी पोचली ती अशी, की हुबळीत एक इसम बायकांच्या हातावर फुंकर मारतो आणि बांगड्या आपोआप उतरतात. कोणाच्या बांगड्या उतरल्या हे कोणी सांगू शकेना. पण ज्या बाईच्या उतरल्या तिला आता काहीच आठवत नाही, असा तपशील मिळाल्यावर पुराव्याची गरज उरली नाही. फौजदारसाहेबांनी दोन शिपाई नेमले. त्यांनी पहिल्याच दिवशी सासुरवाडीला आलेला एक जावई पकडला, कारण तो सगळ्यांकडे बघून हसत होता.

मग मंडळानं प्रत्येक दुकानाच्या दाराशी मराठीत आणि कानडीत पाटी लावली: 'अनोळखी इसमाशी बोलू नये.' ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी दुकानाच्या दिवाणजीनं ती मोठ्यानं वाचून दाखवावी, असंही ठरलं.

लग्न जवळ आल्यामुळे हिराबाई पुन्हा आली. दिवाणजी शंकर यानं दारातच तिला पाटी वाचून दाखवली. हिराबाईनं ती लक्ष देऊन ऐकली, गादीवर बसली आणि गप्प राहिली.

"काय दाखवू अक्का?" विठ्ठलरावांनी विचारलं.

हिराबाई बोलेना. विठ्ठलरावांनी हिरवं दाखवलं, जांभळं दाखवलं, इरकली दाखवली. शेवंताचे डोळे प्रत्येक लुगड्यामागून फिरत होते, पण तिनंही ओठ मिटून घेतले होते.

"अहो, काहीतरी बोला की."

"तुम्ही आमचे कोण?" हिराबाईनं पदराआडून विचारलं.

"मी दुकानदार."

"ते तुम्ही म्हणताय. धोतर स्वच्छ हाय, बोलणं ग्वाड हाय. मागं आलो तवा गाव कंचं म्हणून बी इचारलं होतंसा."

मायलेकी पदर सावरून उठून गेल्या. त्या आठवड्यात पेठेतल्या सगळ्याच दुकानांत हा प्रकार झाला. खेड्यापाड्यांतली गिऱ्हाइकं येत, पाटी ऐकत, हाताची घडी घालून बसत आणि अतिशय सुरक्षितपणे घरी परत जात. मंडळाचा हेतू पूर्ण सफल झाला होता आणि व्यापारी हवालदिल झाले होते.

पाटी काढावी, अशी सूचना सभेत आली. ती फेटाळण्यात आली, कारण पाटी काढली तर धोका नव्हताच असा लोकांचा समज होईल. त्याऐवजी असं ठरलं, की दुकानदार आणि गिऱ्हाईक यांची रीतसर ओळख करून देणारा एक इसम नेमावा. त्याला पितळी बिल्ला द्यावा. बिल्ल्यावर 'मान्यताप्राप्त ओळखीचा इसम' असं कोरावं. अट एवढीच, की तो बोलका असावा, खेड्यांतल्या लोकांत मिसळणारा असावा आणि त्याला दिवसभर दुसरं काम नसावं.

सभा चालू असतानाच पुंडलिकराव आत आले. अनोळखी इसमाचं वर्णन त्यांनी पाटीशेजारी वाचलं होतं आणि ते फार काळजीत पडले होते. "अशा माणसाला पकडायचं कसं, ते मी सांगतो," असं म्हणून त्यांनी मंडळाला बराच वेळ उपयुक्त सूचना केल्या.

विठ्ठलरावांनी त्यांना आणि त्यांच्या धोतरावरच्या फिकट हिरव्या पट्ट्याला ओळखलं. शंकरनंही ओळखलं आणि तो शिपायाला बोलवायला उठला. विठ्ठलरावांनी त्याला डोळ्यांनी खाली बसवलं. दारात उभा राहून खरं बोलणारा माणूस धंद्याला त्रासाचा असतो. गादीवर बसून चहा पिणारा सहसा नसतो, हा त्यांचा अनुभव होता.

"पुंडलिकराव," ते म्हणाले, "आणखी सांगा. इतका अनुभवी माणूस पेठेला दुसरा कुठं मिळणार? तो बिल्ला तुम्हीच लावा."

पुंडलिकरावांना भरून आलं. इतक्या वर्षांत त्यांना कोणी 'आणखी सांगा' म्हटलं नव्हतं. बिल्ला कोरून आल्यावर त्यांनी तो लावून घेतला आणि घरी जाऊन जयलक्ष्मीबाईंना दाखवला. बाईंनी तो हळदीच्या बोटानं पुसला आणि दुसऱ्या दिवशी छत्री आपणहून हातात न देता नुसती दाराशी ठेवली.

सुरुवातीला पुंडलिकरावांनी आपलं काम पूर्वीसारखंच केलं. एका बाईला त्यांनी सांगितलं, "हे लुगडं विरळ आहे." विठ्ठलराव रागावले नाहीत. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "तुमची नजर बारीक आहे, पुंडलिकराव. पण तुम्ही आता मंडळाचे. तुम्ही विरळ म्हटलंत, तर मंडळानं म्हटल्यासारखं होतं." दुसऱ्या दिवशी चहाबरोबर पान आलं. नंतर गादीवर त्यांच्यासाठी वेगळा तक्क्या आला. पुंडलिकराव विरळ कापडाला 'हलकं' म्हणू लागले, मग 'उन्हाळ्याला बरं' म्हणू लागले. एकदा त्यांनी थुंकी लावण्यासाठी बोट तोंडाजवळ नेलं. पण तोंडात पान होतं.

आणि मग हिराबाई तिसऱ्यांदा आली. आता लग्नाला अवकाश उरला नव्हता. पुंडलिकरावांनी पुढे होऊन बिल्ला दाखवला. "अक्का, हे विठ्ठलराव. आणि विठ्ठलराव, या हिराबाई. आता कोणी कोणाला अनोळखी नाही. खुशाल बोला."

हिराबाईच्या खांद्यावरचं ओझंच उतरलं. ती मोकळेपणानं बोलू लागली, लग्नाचं सांगू लागली, जावयाचं कौतुक करू लागली. शंकरनं पहिल्या दिवशीचंच गर्द हिरवं लुगडं काढून समोर पसरलं.

शेवंता ते पाहत राहिली. मग तिनं हळूच बोट ओलं केलं.

"बाळ, तसं करू नको," पुंडलिकराव म्हणाले. "मंडळाच्या ठरावाप्रमाणे मालाला ओलावा लावायला मनाई आहे."

"काका, मागं तुम्हीच ह्याला थुंकी लावली होती. तुम्हीच म्हणाला, घेऊ नका म्हणून."

पुंडलिकरावांचा चेहरा उतरला. त्यांनी लुगड्याकडे पाहिलं, मग विठ्ठलरावांकडे. विठ्ठलराव शांतपणे त्यांच्यासाठी पानाला चुना लावत होते. पुंडलिकरावांनी उपरण्यानं कपाळ पुसलं.

"तेव्हा मी अनोळखी होतो, बाळ," ते म्हणाले. "अनोळखी माणसाचं कशाला ऐकायचं?"

हिराबाईला हे पटलं. लुगडं बांधून घेऊन ती आनंदानं गाडीवर गेली.

लग्नाच्या दिवशी ऊन इतकं होतं, की अक्षता पडेपर्यंत शेवंता घामानं भिजली. तिचे हात कोपरापर्यंत हिरवे झाले, नवऱ्या मुलाचं उपरणं गाठीपासून हिरवं होत गेलं. "पोरीला काहीतरी रोग हाय. आमास्नी फसवलं," असं म्हणून वरमाय उठून उभी राहिली. मंडपात कोणाला काय करावं सुचेना. तेव्हा शेवंतानं बोहल्यावरून उतरून आपला ओला पदर सासूच्या गालावर फिरवला आणि समोर आरसा धरला. वरमाय आरशात बघत राहिली. आधी नवरा मुलगा हसला, मग सासरा, आणि शेवटी वरमायसुद्धा हसली. जेवणाच्या पंगती उठल्या तेव्हा निम्मं वऱ्हाड हिरवं होतं आणि इतकं मजेचं लग्न कधी झालं नव्हतं असं सगळे म्हणत होते.

हिराबाई मात्र हुबळीला जाऊन विठ्ठलरावांसमोर उभी राहिली. विठ्ठलरावांनी सगळं सहानुभूतीनं ऐकलं. तक्रार मंडळापुढे ठेवली असती, ते म्हणाले, पण मंडळ फक्त अनोळखी इसमांविरुद्धच्या तक्रारी घेतं. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "अक्का, मांडवात कोणी अनोळखी माणसं होती का?"

हिराबाईनं विचार केला. नवऱ्याकडचं अख्खं वऱ्हाडच अनोळखी होतं. ती चरकली आणि जास्त काही न बोलता परत गेली. तक्क्याला टेकलेले पुंडलिकराव तिकडे न बघता रस्त्याकडे बघत होते.

पुढल्या वर्षी हिराबाईच्या भावकीत लग्न निघालं. कापड कुठून आणायचं असा प्रश्न आला, तेव्हा कोणीतरी म्हणालं, हुबळीत एक नवं दुकान निघालंय, माल चोख आहे म्हणतात. हिराबाईनं ताबडतोब मान हलवली.

"नगं बाई. त्या माणसाला कोण वळखतंय? फसवलं तर काय करायचं? आपलं तासगावकराचंच बरं. तितं मी फसलेली हाय. म्हंजे माणूस वळखीचा झाला."

बायकांना ते लगेच पटलं. तुम्हाला हसू आलं असेल तर खुशाल हसा. फक्त तुमच्या अंगावर आत्ता जे कापड आहे ते कोणत्या दुकानातलं, आणि तिथंच पुन्हा का गेलात, हे कोणाला सांगू नका. निदान माझ्यासारख्या अनोळखी इसमाला तर नकोच.