निकालाचे रोडगे

गजेंद्रचा शोधनिबंध नापास झाल्याचं त्याला शनिवारी सकाळी कळलं. तोवर भातकुलीजवळच्या त्याच्या गावात रोडग्यांचे गहू दळून आले होते.

अकोल्याच्या एका महाविद्यालयात तो प्राणिशास्त्र शिकवायचा. वांगं पोखरणाऱ्या अळीवर त्याने निबंध लिहिला, परदेशातल्या एका नामांकित शोधपत्रिकेला पाठवला आणि मग रोज दात घासण्याआधी वेबसाइटवर तो कुठवर पोचला ते पाहू लागला. गुरुवारी तिथे ‘निर्णय झाला आहे’ असं उमटलं. काय निर्णय झाला, ते उमटलं नव्हतं. शहाणा माणूस दोन दिवस थांबला असता. गजेंद्रने आईला फोन केला.

“आई, निकाल लागला!”

आता, गावात आजवर निकालाचा फोन आला तो पास झालेल्यांचाच. नापास झालेले फोन करत नाहीत, मामाच्या गावाला जातात. त्यामुळे त्याच्या आईने, माणिकबाईंनी, पुढचं काही विचारलंच नाही. पोराचा निबंध परदेशात छापून आला तर मारुतीपुढे गोवऱ्यांत कणकेचे रोडगे भाजून गावजेवण घालीन, असा त्यांचा नवस होता. आणि तो त्या मनातल्या मनात नव्हे, भाजीबाजारात चारचौघींसमोर बोलल्या होत्या.

शनिवारचं पत्र फार सभ्य होतं. परदेशी लोक लाथसुद्धा मोजे घालून मारतात. आपण आमच्या पत्रिकेचा विचार केलात याबद्दल आभार, अशी सुरुवात करून ते दुसऱ्या परीक्षकाच्या अभिप्रायावर येऊन थांबलं होतं : ‘वांग्याला अळीने पाडली नसतील एवढी भोकं या निबंधात आहेत.’

“यानं जन्मात वांगं पाह्यलं नसन,” गजेंद्र करवादला.

“ते जाऊ द्या. आधी आईले सांगा,” त्याची बायको वर्षाली म्हणाली.

त्याने फोन लावला. पण माणिकबाईंनी त्याला तोंड उघडूच दिलं नाही. “बरं झालं तू फोन केला. गोवऱ्या आल्या, वांगे तोडून झाले. अन् तुह्या त्या गावंडे सरालेबी सांगतलं म्या. तूच नाही का नंबर देल्ला होता, अडीनडीले? लय खुश झाले बाप्पा. येतो म्हणाले.”

गजेंद्र खाली बसला. गावंडे सर म्हणजे त्याचे विभागप्रमुख. हाच निबंध घेऊन तो त्यांच्याकडे गेला होता, तेव्हा “या अळ्याबिळ्यांत माझं नाव नको” म्हणून त्यांनी कागद न उघडता परत केले होते. त्याच सरांनी आता कॉलेजच्या ग्रुपवर अभिनंदनाचा मजकूर टाकला होता. दुपारी तो ‘गजेंद्र यांचा निबंध’ होता, चारला ‘विभागाचा निबंध’ झाला आणि दिवेलागणीला ‘आमचा निबंध’.

“सांगतलं?” रात्री वर्षालीने विचारलं.

“उद्या सांगतो. जेवण झाल्यावर. उपाशीपोटी कायले सांगायचं?”

रविवारी मारुतीच्या पारापुढे गोवऱ्यांचा धूर चढला होता. डोमाजी सरपंचांनी बॅनर लावलं होतं. त्यावर गजेंद्रचा फोटो होता, त्याहून मोठा अळीचा फोटो होता, आणि अभिनंदन नेमकं कोणाचं, ते लिहायचं राहून गेलं होतं.

“आई, थोडं बोलायचं होतं,” गजेंद्र म्हणाला.

“मंग बोल. आधी हे वरण हालव.”

वरण हलवून तो परत गेला, तेव्हा माणिकबाई बायकांना सांगत होत्या, “परदेशातल्या लोकायनं वाचलं माह्या पोराचं!” हे काही खोटं नव्हतं. वाचलं, म्हणूनच तर परत पाठवलं. पण ज्या बायकांसमोर आई आज ताठ मानेने वाढत होती, त्यांच्यासमोरच तिची मान खाली जाणार, या विचाराने गजेंद्रला स्वतःची लाज वाटली. त्याच्या घशाखाली रोडगा उतरेना.

गावंडे सरांच्या घशाखाली चार उतरले. मग त्यांनी माईक हातात घेतला.

“मंडळी, खरं सांगू का? कल्पना माझी. मांडणी माझी. या निबंधातली ओळ न् ओळ माझी आहे, असं म्हटलं तरी वावगं होणार नाही. पण गजेंद्रने टायपिंग फार सुरेख केलं.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर्षालीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदाच सरांविषयी खरीखुरी कृतज्ञता वाटत होती.

तो उठला. “सर म्हणाले ते खरं हाये. मी फक्त टायपिंग केलं. तवा सरायच्या निबंधाले जे पत्र आलं, ते वाचून दाखवणं माह्यं कर्तव्य हाये.”

आणि त्याने पत्र वाचलं. शुद्ध मराठीत, आभारापासून भोकांपर्यंत.

सर हसू जागेवर ठेवायची खटपट करत होते. “अहो, पण... तसं माझं नाव त्यावर कुठं आहे?”

“आत्ताच त म्हणाले न सर, ओळ न् ओळ माही!” डोमाजी म्हणाले. “मोबाइलमंदी घेतलं हाये आमी.”

सरांनी मग टेबलाखाली स्वतःचा मोबाइल काढला आणि घाईघाईने कालचे मजकूर पुसायला घेतले. गजेंद्र मात्र आईकडे बघत होता.

माणिकबाई तुपाचा गडवा घेऊन आल्या. गजेंद्रला ओलांडून त्या सरळ सरांपुढे बसल्या आणि त्यांच्या ताटात पाचवा रोडगा कुस्करून त्यावर तुपाची धार धरली.

“घ्या सर. मनाले लावून घेऊ नोका. आमचा गज्याबी बारावीत गणितात राह्यला होता. निघालाच न पुढं? तुमच्यासाठी बोलते म्या मारुतीले. पुढच्या खेपेले रोडगे तुमच्याकडं.”

“अरेरे, एवढे मोठे सर, अन् नापास!” बायका हळहळल्या.

सरांनी मान खाली घालून रोडगा खाल्ला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

माणिकबाई उठल्या, गजेंद्रजवळ येऊन थांबल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “त्या लोकायनं टायपिंगमंदी त चूक नाही न काढली?”

“नाही आई.”

“मंग झालं,” असं म्हणून त्यांनी उरलेलं सगळं तूप त्याच्या ताटात ओतलं.