झिपरोबा अस्वलाची ट्रेडमिल

एका जंगलात, बाळांनो, सगळ्या गुहा एकमेकींना लागून होत्या. एकीत फोडणी पडली की चौथीत ठसका लागायचा. त्यामुळे कोणाकडे काय चाललंय ते सगळ्यांना कळायचं. मुद्दाम कोणी कान देत नव्हतं हो. पण गुहेला दारच नसतं, त्याला कोण काय करणार?

तिथे झिपरोबा नावाचं अस्वल आणि त्याची बायको कोंडाबाई राहत. आपली गोष्ट आहे झिपरोबाच्या पोटाची.

जंगलात अर्जुनाचं एक उंच झाड होतं. दर चैत्रात त्याच्या शेंड्याला मधाचं पोळं भरायचं आणि झिपरोबा सरसर वर जायचा. यंदा माघात त्याने सहज चढून बघितलं, तर पहिलीच फांदी मोडली. धप्पकन खाली.

वरून हुप्पेराव वानर म्हणाला, "राहू द्या काका. चैत्रात मीच टाकीन दोन थेंब. तुम्ही खाली तोंड उघडून उभे राहा."

झिपरोबाला ते फार लागलं. अस्वलाने वानराकडे मध मागायचा?

घरी येऊन तो म्हणाला, "पोट उतरवायचं. ट्रेडमिल घेऊ या."

"एवढं जंगल पडलंय, त्यात चाला की!" कोंडाबाई म्हणाली.

"चालायला निघालो की ती टिटवी विचारते, 'काका, कुठे निघालात?' काय सांगू? कुठेच नाही?"

"सांगा, पोट उतरवायला."

"मग ती विचारते, 'किती उतरलं?'"

आता विचारणारच की, बाळांनो! शेजारी असतात कशाला?

झिपरोबा सल्ला घ्यायला निघाला. ससा म्हणाला, "घेऊ नका. पहाटे माझ्याबरोबर पळा." 'पहाटे' ऐकूनच झिपरोबाला जांभई आली. सांबरीण म्हणाली, "जरूर घ्या. आमच्याकडे आहे ना! गोधडी इतकी छान वाळते तिच्यावर!"

झिपरोबा दोलायमान झाला. घ्यावी की न घ्यावी? तेवढ्यात फांदीवरून आवाज आला, "काय काका, तोंड उघडायचा सराव चाललाय ना?"

झालं. घ्यायचं ठरलं.

घरपोच द्यायचं काम कासवाकडे होतं, म्हणून फाल्गुन उजाडला. पण आली एकदाची. शेजारपाजार जमला. नवी वस्तू घरात आली म्हणजे पूजा आलीच. कोंडाबाईने हार घातला, नारळ फोडला, आणि पट्ट्याच्या बरोबर मधोमध कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. सगळ्यांनी नमस्कार केला, पेढे खाल्ले. पेढे चांगले होते. वेलची जरा कमी होती, पण चालायचंच.

दुसऱ्या दिवशी झिपरोबाने पट्ट्यावर ठेवायला पाय उचलला.

"अहो!" कोंडाबाई किंचाळली. "स्वस्तिकावर पाय?"

"मग चालू कशाने? डोक्याने? थांब, ते पुसून टाकतो."

"कुंकू पुसायच्या गोष्टी करता? माझ्यासमोर?"

झिपरोबा तडक बगळेभटजींकडे गेला. एका पायावर बराच विचार करून ते म्हणाले, "उत्तरपूजा करावी लागेल. मुहूर्त ज्येष्ठात आहे."

"तोवर मध संपेल हो!"

"मग तोवर प्रदक्षिणा घाला. पाय न लावता. रोज सकाळी, उपाशीपोटी, एकशे आठ."

झिपरोबा प्रदक्षिणा घालू लागला. गुहा अरुंद. भिंत आणि ट्रेडमिल यांच्यामधून जाताना पोट आत ओढून घ्यावं लागे. चहासुद्धा प्रदक्षिणा झाल्यावरच. टिटवी डोकावून विचारायची, "काका, काय चाललंय?"

"प्रदक्षिणा!"

की लगेच टिटवी पंख जोडायची. पंख जोडल्यावर पुढची चौकशी कशी करणार? टिटवीची फारच पंचाईत व्हायची बिचारीची.

चैत्र आला. सगळं जंगल अर्जुनाखाली जमलं. झिपरोबाने खोडाला हात घातला. पहिली फांदी कुरकुरली, पण मोडली नाही. दुसरीही नाही. शेंड्याशी हुप्पेराव शेपटी आवरून बाजूला सरकला, आणि झिपरोबाने पोळ्यात तोंड घातलं.

"ट्रेडमिलचा गुण!" खालून सगळे ओरडले.

महिनाभरात गुहेगुहेत ट्रेडमिल आली. सगळे तिच्यावर चढून पळू लागले. चार दिवस पळाले आणि गुडघे धरून बसले. पोट कोणाचंच उतरलं नाही.

रानडुक्कर रडकुंडीला येऊन म्हणालं, "काका, यंत्र तेच, मग मला का नाही गुण आला?"

"तू करतोस काय?"

"वर चढतो आणि पळतो."

झिपरोबाने दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला. "चढतोस? अरे, पाय लावल्यावर कसला गुण येणार!"

तात्पर्य: व्यायामाचं यंत्र घरात जरूर घ्यावं, भक्तिभावाने मधोमध ठेवावं, आणि तब्येतीची काळजी असेल तर चुकूनही त्यावर चढू नये.