अडकलेल्या लोकांसाठी प्रार्थना

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या पप्पांनी रविवारी चर्चमधली उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना छातीठोकपणे सांगितलं, की बाकीच्यांच्या मुलांचं त्यांना ठाऊक नाही, पण त्यांच्या घरात उद्यापासून टीव्ही बंद, टॅब बंद, आणि संध्याकाळी मम्मीचा मोबाइलसुद्धा कपाटात! थोड्याच दिवसांत त्यांची लेक पाठ केलेली नव्हे, अगदी मनातली प्रार्थना करून दाखवेल, आणि तीही सगळ्या मंडळीसमोर. पाळकसाहेबांनी मोठ्या आशेनं त्यांचा हात हातात घेतला. संडे स्कूलमधल्या मुलांच्या मोबाइलपुढे त्यांनी केव्हाच हात टेकले होते.

लेक आठ वर्षांची. तिला दिवसभर इतके प्रश्न पडत, की घरात तिचं नावच शंकाबाई पडलं होतं. देव झोपतो का? सगळे एकदम बोलले तर त्याला कुणाचं आधी ऐकू येतं? नोहाच्या तारवात वाळवी होती का, आणि असली तर तारू बुडलं कसं नाही? पण टॅब हातात आला की शंका बंद. संध्याकाळच्या प्रार्थनेला ती हात जोडून बसे, एक डोळा मिटून दुसऱ्या डोळ्यानं सोफ्यावर टेकवलेलं कार्टून बघे. तिचं ‘आमेन’ नेमकं जाहिरात लागली की यायचं. पप्पांना याचं मनापासून वाईट वाटे. त्यांना लहानपणी आईनं मांडीवर बसवून प्रार्थना शिकवली होती; आपली मुलगी देवाशी बोलायला शिकलीच नाही तर, ही धास्ती त्यांना खरोखरच होती.

सोमवारी सगळी यंत्रं कपाटात गेली. राहिला फक्त पप्पांचा मोबाइल. लिफ्टमध्ये माणूस अडकला तर फोन कुणाला येणार? मम्मीनं भुवई उंचावली. अडचण एवढीच होती, की त्याच आठवड्यात क्रिकेटची मोठी स्पर्धा सुरू झाली होती. मग पप्पांचं पोट रोज संध्याकाळी न चुकता बिघडू लागलं आणि त्यांचा मुक्काम बाथरूममध्ये वाढला.

शंकाबाईचे पहिले दोन दिवस रडण्यात गेले. तिसऱ्या दिवशी तिनं पप्पांना विचारलं, मनातली प्रार्थना करायची कशी? पप्पांना कोण आनंद झाला!

“अगदी सोपं आहे,” ते म्हणाले. “जे पाहिलंस, जे ऐकलंस, ज्याची काळजी वाटली, ते देवाला सांगायचं. त्याच्यापासून काही लपवायचं नाही.”

तिनं ते शब्दशः घेतलं. डोळ्यांपुढे टॅबचा पडदा उरला नव्हता, तेव्हा तिचे कान उघडले. वरच्या मजल्यावरचे काका खोकतात हे तिला कळलं, मम्मी भांडी घासताना गुणगुणते हे कळलं. आणि एका संध्याकाळी पप्पा बाथरूममधून बाहेर आले, तर दारासमोर शंकाबाई गुडघ्यांवर बसलेली! हात जोडलेले, दोन्ही डोळे घट्ट मिटलेले, गालांवर पाणी. पप्पा जागच्या जागी विरघळले. तिची समाधी मोडू नये म्हणून ते चवड्यांवर चालत निघून गेले आणि गॅलरीत जाऊन त्यांनी पाळकसाहेबांना फोन लावला. मुलगी प्रार्थनेत रडते आहे, आता अजून थांबण्यात अर्थ नाही, असं त्यांनी कळवून टाकलं.

पुढच्या रविवारी मंदिर खच्चून भरलं होतं. पाळकसाहेबांनी मुलांच्या सगळ्या आईबापांना मुद्दाम बोलावलं होतं. शंकाबाईसाठी माइक खाली ओढला गेला. पप्पा पहिल्या बाकावर मान ताठ करून बसले.

तिनं आधी वरच्या काकांच्या खोकल्यासाठी प्रार्थना केली. मग मम्मीच्या गुडघ्यांसाठी. बायका डोळे पुसू लागल्या.

“आणि देवा, लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना सोडव,” ती म्हणाली. “ते खूप जण आहेत. रोज संध्याकाळी पप्पांना फोन करतात आणि मोठमोठ्यानं ओरडतात. मम्मीला आणि मला भीती वाटू नये म्हणून पप्पा बाथरूमचं दार लावून त्यांच्याशी बोलतात. ‘टिकून राहा रे, घाई करू नका’ असं सांगतात. परवा ‘गेला, गेला’ म्हणाले आणि खूप वेळ गप्प बसले. जो गेला त्याच्या घरच्यांना सांभाळ. आमेन.”

पप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या हुंदके देत होत्या. मम्मी समोरच्या भिंतीकडे एकटक बघत होती, पण तिचे खांदे गदगदत होते. गीत सुरू झालं. शंकाबाई बाकावर येऊन पप्पांना चिकटून बसली आणि त्यांच्या कानाशी लागली.

“पप्पा, देवानं सोडवलं का त्यांना?”

‘हो’ म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. शब्द ओठांवर आलाही होता. पण तिनं वर पाहिलं, आणि पप्पांच्या लक्षात आलं, की आपण आत्ता ‘हो’ म्हणालो तर ही आयुष्यभर ते देवाच्या नावावर धरून चालेल.

“कुणी अडकलं नव्हतं गं,” ते शेवटी पुटपुटले. “मी मॅच बघत होतो.”

शंकाबाईनं विचार केला. रागावली वगैरे नाही. उलट तिचा जीव भांड्यात पडलेला दिसला.

“म्हणजे कुणी मेलं नाही?”

“नाही.”

“मग देवाला सांगायला हवं ना. तो उगीच शोधत बसेल. तुम्ही सांगा, मी सांगितलं तिथूनच.”

पप्पा घरी गेल्यावर सांगतो म्हणणार होते, तेवढ्यात गीत संपलं आणि पाळकसाहेबांनी त्या दुर्दैवी लोकांची हकिगत सांगायला पप्पांनाच पुढे बोलावलं. पप्पा गेले. माइक अजून आठ वर्षांच्या मुलीच्या उंचीवर होता. तो वर करायचंही त्यांना सुचलं नाही. ते तसेच वाकून उभे राहिले. सगळ्यांनी डोळे मिटले. पप्पांना पाठ असलेली एकही ओळ आठवेना.

“देवा,” ते म्हणाले, “लिफ्टमध्ये कुणीच नाही. मी बाथरूममध्ये बसून मॅच बघत होतो. रोज. मुलीचा टॅब काढून घेतला आणि स्वतःचा मोबाइल ठेवला. मला क्षमा कर.”

मग मागून एका पुरुषाचा दबका, अगदी कळकळीचा आवाज आला, “आमेन.” मग डावीकडून एक. मग खांबाआडून, खिडकीजवळून, चहूकडून, सगळे पुरुषांचेच.

आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या बायकांनी एकेक करून डोळे उघडले.