बाजारी, नंबर नाही

ओव्हाळ साहेब रोज सकाळी आठ वाजता बूट घालून, टोपी चढवून आपल्या स्कूटरवर बसायचे आणि तासभर पेपर वाचायचे. स्कूटर घराच्या ओसरीत, स्टँडवर उभी. चौदा महिने मी समोरच्या खिडकीतून हे दृश्य पाहिलं आणि तेवढ्या काळात ती स्कूटर वीतभरही पुढे सरकली नाही. नव्या माणसाला वाटायचं, गृहस्थ आता निघतोय. मग पेपर संपायचा, साहेब उतरायचे, सीट पुसायचे आणि घरात जायचे. लोणावळ्याला हवा खायला आलेल्या एका पाहुण्याने त्यांना "स्टेशनपर्यंत सोडता का?" असं विचारलं, तेव्हा साहेब अगदी गंभीरपणे म्हणाले, "पार्ट यायचाय. आला की सोडतो." पाहुणा चालत गेला.

साहेब रेल्वेच्या स्टोअरमधून रिटायर झालेले. तीस वर्षं त्यांनी वस्तूंना दोऱ्याने खाकी चिठ्ठ्या बांधल्या आणि चिठ्ठ्यांवर नंबर लिहिले. त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू कुठल्या तरी खणातून आलेली असते आणि तिला नंबर असतोच, यावर त्यांचा पक्का विश्वास. बाजारात वांगी घेतानाही "नंबर काय?" हे त्यांच्या ओठांवर यायचं आणि ते कष्टाने गिळायचे. एकदा छत्रीची काडी मोडली. कोपऱ्यावरचा छत्रीवाला पाच मिनिटांत दुसरी घालून देत होता. साहेबांनी मुंबईला छत्रीच्या कारखान्याला पत्र लिहिलं आणि लोणावळ्याचा अख्खा श्रावण भिजत काढला. सर्दीने नाक लाल झालेलं, पण चेहऱ्यावर समाधान असं की कुणाला राग यावा. मला तर यायचाच.

स्कूटरही त्यांना अशीच मिळालेली. नाव नोंदवून सात वर्षं थांबले, तेव्हा नंबर लागला. तोवर बायको वारली होती, मुलगी लग्न होऊन भुसावळला गेली होती, आणि मागच्या सीटवर बसायला कुणी उरलं नव्हतं. साहेबांनी स्कूटर वर्षभर मजेत चालवली. मग एके दिवशी तिच्या क्लचमधलं एक पितळी कडं झिजून गेलं. अंगठीएवढी वस्तू, पण तिच्यावाचून गाडी जागची हलेना. साहेबांनी त्याच दिवशी कंपनीला पत्र लिहिलं.

इथे धोंडिबा मिस्त्री येतो. धोंडिबा चढणीवरच्या कुरवंडे गावचा. बाजारात त्याचं लेथ मशीन होतं आणि त्यावर तो पंपाच्या दांड्यापासून देवळातल्या घंटेच्या लोलकापर्यंत काहीही करून द्यायचा. त्याच्या चष्म्याची एक काडी सायकलच्या आऱ्याची होती आणि सायकलचं एक पायडल बाभळीच्या लाकडाचं. इंजिनात बिघाड कुठे आहे हे तो बघायचा नाही, ऐकायचा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, लाकडी मूठ कानाला, आणि डोळे मिटून घ्यायचे. "कंपनी लांब, मी हितं," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

गाडी बंद पडली तेव्हा धोंडिबा झिजलेलं कडं बघून गेला होता; चौथ्या दिवशी तो नवं कडं फडक्यात गुंडाळून घेऊन आला.

"घ्या सायेब. बसवा आन् चालवा."

"याचा नंबर काय?"

"नंबर कशाला? बसतंय का बगा की."

साहेबांनी ते कडं घेतलं, त्याला दोऱ्याने खाकी चिठ्ठी बांधली आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'बाजारी, नंबर नाही.' मग कंपनीच्या पत्रव्यवहाराच्या फायलीला ते अडकवून ठेवलं. धोंडिबाने तोंडात मारल्यासारखं बघितलं, पण दुसऱ्या दिवशी पाच वाजता दुकान बंद करून घरी जाताना तो पुन्हा ओसरीवर हजर झाला.

तेव्हापासून रोज पाच वाजता त्यांचं भांडण सुरू व्हायचं. साहेब दोन कप चहा करायचे. धोंडिबा बशीत ओतून फुरके मारत म्हणायचा, "कंपनीतबी मानसंच हायती ना? का देव बसून कडी घडवतोय?" साहेब म्हणायचे, "माणसंच आहेत. पण मोजून करतात." "मी काय डोळं झाकून करतो व्हय?" "तू कान लावून करतोस!" मग धोंडिबा कंपनीच्या सात पिढ्या काढायचा, साहेब कंपनीचं ताजं पत्र मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि कप रिकामे होऊन तासभर झाला तरी दोघं उठायचे नाहीत. मी साधा पोस्टातला कारकून, पण दोघंही मला मास्तर म्हणायचे आणि निवाडा करायला बोलवायचे. मी नेहमी धोंडिबाच्या बाजूने निवाडा द्यायचो. तो कधी कुणी मानला नाही.

एकदा मी चिडून विचारलं, "साहेब, एवढा हट्ट कशासाठी?" त्या दिवशी धोंडिबा आला नव्हता. साहेब म्हणाले, "मास्तर, माझ्या बापाला दुसऱ्याच्या दारात उभं राहून, कुणी उरलंसुरलं दिलं तरच मिळायचं. मला जे मिळालं ते नंबराने मिळालं. नोकरी, क्वार्टर, स्कूटर, सगळं. माझा नंबर आला की खिडकीतल्या माणसाला द्यावंच लागतं. ते मी कसं सोडू?" त्यानंतरही मी त्यांना हसायचो, पण जरा जपून.

आणि मग चैत्रात पार्सल आलं. ते मी स्वतः साहेबांच्या हातात दिलं, सही घेतली. लाकडी पेटी, लाखेचं सील, वर कंपनीचा शिक्का. म्हटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी आठ वाजता खिडकी उघडली, तर साहेब स्टँडवरच्या स्कूटरवर बसून पेपर वाचतायत. पाच वाजता धोंडिबा आला. "आला का पार्ट?" साहेबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "यायचाय." मी चहाच्या कपात तोंड घातलं. पोस्टातल्या माणसाने कुणाच्या टपालाबद्दल बोलू नये, असा नियम आहे. नियमांबद्दल मला तेव्हा पहिल्यांदा आदर वाटला.

पावसाळा सरला. दिवाळीनंतर एके दिवशी धोंडिबा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. साहेब दोन कप चहा करायचे, फाटकाकडे बघत बसायचे आणि दुसरा कप कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतायचे. पंधरा दिवसांनी कुरवंड्याच्या दूधवाल्याकडून कळलं. "मिस्त्रीला पुन्याला नेलतं. डोळ्याचं आपरेशन झालं. आता घरी पडून हाय. लेथवर बसता यील का न्हाई, काय सांगावं."

साहेबांचे गुडघे दुखरे, कुरवंड्याची चढण त्यांना पायी जमणारी नव्हती, आणि तिकडे एसटी जात नव्हती. ते घरात गेले आणि कपाटातून लाकडी पेटी काढून ओसरीवर आणली. सील फोडलं. आत तेलकट कागदात नवं कोरं कडं, त्यावर कोरलेला नंबर. पत्राशी ताडून बघितला. बरोबर होता. मग त्यांनी फायलीला अडकवलेलं दुसरं कडं सोडवलं आणि दोन्ही तळहातावर घेऊन बराच वेळ उभे राहिले.

"बसवायचं ना?" मी पाना पुढे केला.

"हो," म्हणाले. आणि खाकी चिठ्ठी सोडून खिशात टाकली, धोंडिबाचं कडं माझ्या हातात दिलं.

"अहो, कंपनीचं आलंय ना? चौदा महिने थांबलात!"

"तो तिकडे डोळे बांधून पडलाय, मास्तर. त्याच्या दारात कंपनीचा पार्ट घेऊन जाऊ?"

गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक उघडून, पानं क्रमाने उलटत, दीड दिवस आम्ही ते कडं बसवत होतो. ते बसलं. स्कूटर सुरू झाली तेव्हा साहेब इतके दचकले की टोपी खाली पडली. मी मागे बसलो आणि आम्ही कुरवंड्याला निघालो. चढणीवर गाडी एकदाही कुरकुरली नाही.

धोंडिबा अंगणात बाजेवर बसला होता, दोन्ही डोळ्यांवर हिरवी पट्टी. फटफट ऐकून त्याने मान वर केली.

"कोन? सायेब?"

"मीच. सांगितलं का नाहीस रे?"

"सांगितलं असतं तर तुमी म्हनला असता, डोळ्याचा नंबर काय?"

साहेबांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता सांगतील. साहेब म्हणाले, "कंपनीचा पार्ट आला बरं का. बसवला. बघ कशी आली गाडी."

मी कपाळावर हात मारला. धोंडिबा हसला नाही. त्याने स्क्रू ड्रायव्हर मागवला. मी बाजेजवळ स्कूटर आणली, साहेबांनी ती सुरू करून क्लच दाबून धरला, मी टोक इंजिनाला लावून दिलं. धोंडिबाने लाकडी मूठ कानाला लावली आणि ऐकत राहिला. पट्टीखाली त्याच्या गालाची एक शीर हलली.

"कंपनीचाच माल," तो शेवटी म्हणाला. "चार दिस टिकंल. मंग येनारच तुमी माज्याकडं."

"दहा वर्षं टिकेल!"

"चार दिस!"

साहेब पाणी प्यायला घरात गेले, तेव्हा धोंडिबाने चाचपडत माझा हात धरला. "मास्तर, माज्या हातचं पितळ हाय त्ये. मला वळकू येनार न्हाई व्हय? पन सायबाला बोलू नका. लाजंल." मग आवाज खाली आणून म्हणाला, "दाक्तरानं काल येका डोळ्याची पट्टी सोडून बघितली. लेथपुरतं दिसंल म्हनला." मी त्याचा हात दाबला.

परतताना उतारावर साहेबांनी मध्येच स्कूटर थांबवली. मागे न वळता त्यांनी विचारलं, "मास्तर, त्याला कळलं तर नाही ना?"

"छे," मी म्हटलं. "त्याला कसं कळणार?"

"बरं झालं," साहेब म्हणाले. "कळलं असतं तर पाच वाजता यायचा बंद झाला असता."