दुखलं तर डावा हात वर करा

बोलण्याच्या बाबतीत दातांचे डॉक्टर कुणाला हार जाणारे नव्हते. पंचवीस वर्षं ते लोकांच्या दाढा काढत होते आणि काढता काढता कशावरही बोलत होते. "माझं म्हणणं आजवर एकाही माणसाने खोडून काढलेलं नाही!" असं ते छाती फुगवून सांगत. कसं खोडणार? समोरच्याच्या तोंडात कापूस, आरसा आणि यांची दोन बोटं!

तोंड मोकळं असलेल्या माणसापुढे मात्र डॉक्टरांचीच दातखीळ बसायची. वडील गेले त्या दिवशी थोरला भाऊ त्यांच्या गळ्यात पडून हंबरडा फोडत होता. डॉक्टरांना "दादा, मलाही सहन होत नाही रे," एवढंच म्हणायचं होतं. पण दादाचं उघडं तोंड अगदी डोळ्यांसमोर आलं आणि तोंडातून निघालं, "वरची डावी दाढ किडलीये तुझी. दाखवून घे."

दादा सात वर्षं बोलला नाही.

आणि आज तीच दाढ घेऊन तो दवाखान्यात हजर! गाल टम्म सुजलेला.

"रविवार आहे. बाकीचे दवाखाने बंद आहेत," खुर्चीत बसता बसता त्याने छताला सांगितलं.

डॉक्टरांनी सगळे दात तपासले. ती एक दाढ सोडली तर बाकी सगळे ठणठणीत. मग कापूस कोंबून त्यांनी सवयीने बजावलं, "दुखलं तर डावा हात वर करा." सख्ख्या भावाला 'करा'! डॉक्टर मनातून ओशाळले आणि त्यांनी दाढ कोरायचं मशीन सुरू केलं.

पण तोंड बंद झालेला दादा समोर दिसताच त्यांना कंठ फुटला.

"दादा, त्या दिवशी मला तसं म्हणायचं नव्हतं रे. तुम्ही सगळे बाहेर बसला होतात ना, तेव्हा मी मोरीत नळ सोडून रडत होतो."

दादाने डावा हात वर केला.

सात वर्षांनी दादाने हात पुढे केला! डॉक्टरांनी तो घट्ट धरला. दुसऱ्या हातातलं मशीन चालूच होतं.

"बाबांनंतर मला तूच आहेस, दादा!"

दादाने उजवाही हात वर केला. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"आशीर्वाद देतोस? रडू नकोस रे, नाहीतर मलाही..."

तेवढ्यात मदतनीस बाई आत आल्या आणि दारातच थिजल्या. "डॉक्टर! भुलीचं इंजेक्शन तर अजून ट्रेमध्येच आहे!"

मशीन थांबलं. डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढचा अर्धा तास, सुई टोचण्यापासून दाढ भरण्यापर्यंत, त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही.

दादा उठला, दारापर्यंत गेला आणि थांबला.

"छोट्या, यापुढे आधी सुई. मग बोलणं."

"हो, दादा."

"आणि ती... उजवीकडची पण दुखते बहुतेक. मंगळवारी येऊ?"

उजवीकडे काहीही झालेलं नव्हतं. हे डॉक्टरांना माहीत होतं, दादालाही माहीत होतं. ये, रोज ये, काही दुखत नसलं तरी ये, असं सगळं डॉक्टरांच्या ओठांवर आलं. पण दादाचं तोंड आता मोकळं होतं.

"ये," डॉक्टर म्हणाले. "पण ब्रश करून ये."

दादा हसला. अर्ध्याच तोंडाने. उरलेलं अर्धं अजून बधिर होतं.